एका चाकाची किंमत आणि आपल्या हुनराचा हिशेब

अमेरिकेत हौसेने बनवून घेतलेल्या मोटरसायकलच्या चाकांची एक जोडी साधारण दोन ते चार हजार डॉलरला जाते. रुपयांत मांडले तर दोन-तीन लाखांचा आकडा होतो. तेवढ्या पैशात आपल्याकडे शंभर सीसीच्या दोन कोऱ्या गाड्या चाकांसकट दारात उभ्या राहतात. हा आकडा कानावर पडला की आपल्या बाजारात दोन उद्गार ठरलेले असतात. पहिला, "ही तर उघड लूट आहे." दुसरा, "आमच्या उस्तादाला दाखवा, दहा हजारांत तस्से करून देईल." आमच्या मते दोन्ही उद्गार एकाच खोडीतून निघतात. वस्तूत जेवढा धातू दिसतो, किंवा ठाणात जेवढे सूत दिसते, तेवढीच तिची किंमत, असे मानण्याची ही खोड आहे. अमेरिकेतल्या चाकवाल्याचे तिच्यामुळे काही बिघडत नाही. बुडतो तो आपला कारागीर.

कापडाच्या व्यापाऱ्याने चाकांवर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. एक नग बनवणे आणि एक लाख नग बनवणे हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि हा फरक मागावर जसा दिसतो तसाच चाकावरही दिसतो. चाकाचे उदाहरण घेतले की तो अधिक स्वच्छ दिसतो, इतकेच.

साचा आणि संख्या

आपल्याकडच्या रोजच्या मोटरसायकलला जी अलॉयची चाके येतात ती ओतीव असतात. पोलादी साच्यात वितळलेले ॲल्युमिनियम सोडायचे, ते थिजले की चाक बाहेर काढायचे, कडा, हबचे भोक आणि बेअरिंगची जागा यंत्रावर साफ करायची, रंग द्यायचा. साचा महाग असतो, पण एकदा बनला की हजारो चाके देतो. समजा साच्याला दहा लाख रुपये लागले आणि त्यातून एक लाख चाके निघाली, तर एका चाकावर साच्याचा बोजा पडला दहा रुपयांचा. त्याच साच्यातून पन्नासच चाके काढायची ठरवली तर प्रत्येक चाकावर वीस हजार रुपये पडले. धातू तोच, कामगार तोच. बदलली ती फक्त संख्या.

आमच्या धंद्यात हे रोजचे आहे. नव्या नक्षीची साडी मागावर चढवायची तर ताणा तयार करावा लागतो, त्याला खळ द्यावी लागते, बीम भरावा लागतो, हजारो धागे एकेक करून फणीतून ओवावे लागतात, जकार्डची कार्डे पंच करून घ्यावी लागतात. हे सारे कष्ट हजार साड्यांना जेवढे, तेवढेच एका साडीलाही. म्हणून "याच नक्षीत मला एकच साडी हवी" असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ठाणाच्या भावाने साडी देणारा विणकर फार दिवस विणकर राहत नाही.

हौशी चाकाचे गिऱ्हाईक नेमके हेच मागते. त्याला आऱ्यांची रचना स्वतःच्या पसंतीची हवी, पुढचे चाक एकवीस, तेवीस, सव्वीस, कधी तीस इंचाचेही हवे, आणि मागे रुंद टायर बसवायचा म्हणून रिमही रुंद हवी. गाडी बदलली की ॲक्सलची जाडी, डिस्कचे बोल्ट, बेअरिंगची जागा आणि एबीएसच्या सेन्सरची बसवण बदलते. म्हणजे प्रत्येक ऑर्डर ही जवळजवळ नवी नक्षी.

धातू जातो कुठे?

अशा थोड्या चाकांसाठी ओतकामाचा साचा परवडत नाही. म्हणून उलटी वाट धरतात. हजारो टन दाबाच्या प्रेसमध्ये दाबून घडवलेला ॲल्युमिनियमचा जाड गोळा घेतात आणि संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्राने नको तो भाग कोरून काढतात. दोन आऱ्यांमधली जी मोकळी जागा आपल्याला दिसते तिथे आधी धातू होता, आणि त्याचे पैसे मोजलेले होते. बहुतेक रचनांत अर्ध्याहून जास्त धातू कीस होऊन खाली पडतो. कीस भंगारात विकला जातो, पण घडीव धातूच्या भावाने नव्हे.

या कामाला ६०६१ या क्रमांकाचे ॲल्युमिनियम बहुधा वापरतात. त्यात थोडे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेले असते. आपले लोहार पोलादाला पाणी देतात, तशीच या धातूलाही एक प्रक्रिया द्यावी लागते. सुमारे ५३० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तो झटकन थंड करायचा, मग सुमारे १७० अंशांवर काही तास ठेवायचा. या अवस्थेला टी-६ म्हणतात. नरम अवस्थेतला हाच धातू जेवढ्या ताणाला कायमचा वाकतो, त्याच्या सुमारे पाचपट ताण टी-६ अवस्थेत सोसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

मग यंत्राचा वेळ. एक चाक कोरायला अनेक तास जातात. तेवढा वेळ लाखो डॉलरचे यंत्र त्या एकाच चाकाशी बांधलेले असते आणि त्याचा हप्ता मात्र चालूच असतो. कोरण्याआधी आराखडा काढणारा इंजिनिअर, यंत्राला समजेल असा प्रोग्रॅम लिहिणारा, चाक पकडून ठेवणारा खास शिकंजा बनवणारा, असे तिघे कामाला लागलेले असतात. पहिला नग नीट निघेलच याची खात्री नसते. तो बिघडला तर गोळा गेला, तास गेले, आणि गिऱ्हाइकाला त्याची खबरही नसते.

झळाळीची किंमत

यंत्रातून निघालेले चाक अजून विकण्याजोगे नसते. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला हाताने पॉलिश करावे लागते, आणि हे काम यंत्राला अजूनही नीट साधत नाही. त्यावर क्रोम चढवायचा तर ॲल्युमिनियमवर तो सरळ बसत नाही. आधी जस्ताचा पातळ थर, मग तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोम. खालच्या थरात बोटाचा डाग राहिला तरी वर फोड येतो आणि सगळे उतरवून पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

शिवाय क्रोमच्या टाकीतून उठणारी वाफ जीवघेणी असते. त्यातल्या सहा संयुजेच्या क्रोमियमने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेने २००६ साली कारखान्याच्या हवेतली त्याची मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली. कॅलिफोर्निया राज्याने तर २०२३ साली अशा क्रोमचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. वाफ ओढून घेणारे पंखे, गाळण्या, सांडपाण्याची सफाई, कामगारांची तपासणी, हा सगळा खर्च चाकाच्या किमतीत येतो. आपल्याकडच्या कित्येक प्लेटिंगच्या गाळ्यांत तो खर्च येत नाही, कारण तो कामगाराच्या फुप्फुसातून वसूल होतो. स्वस्त प्लेटिंगच्या शोधात निघालेल्या व्यापाऱ्याने एवढे तरी लक्षात घ्यावे.

तोडण्यासाठी बनवलेली चाके

मोटरसायकलला चाके दोनच असतात. मोटारीचे एक चाक दगा देईल तर माणूस कदाचित वाचेल, मोटरसायकलचे पुढचे चाक तुटले तर ती आशा फार थोडी. म्हणून जबाबदार कारखानदार नवी रचना विकण्याआधी तिची परीक्षा घेतो. चाक फिरत्या यंत्रावर वाकवत ठेवतात. टायर चढवून, वजन देऊन ते लाखो फेरे ड्रमवर पळवतात. वरून वजन टाकून धक्का देतात. रिम वाकते का, तडा जातो का, हे पाहतात. या परीक्षेतली चाके विकता येत नाहीत. ती बनवतात तोडण्यासाठीच.

लाख चाके विकणाऱ्याला अशी पाच-दहा चाके मोडणे म्हणजे दर्यातला थेंब. एका रचनेची तीस चाके विकणाऱ्याला मात्र हाच खर्च प्रत्येक चाकावर चढवावा लागतो. त्यावर विम्याचा हप्ता येतो. अमेरिकेत माल सदोष निघून कोणी जखमी झाले तर बनवणाऱ्यावर मोठ्या रकमेचे दावे होतात. विमा नसेल तर एका दाव्यात कारखाना उठतो.

कापडाचे चाक

आता सगळ्यात महाग चाकाकडे वळू. ते धातूचे नसते, कापडाचे असते. कार्बनचे तंतू केसाहून बारीक असतात. असे तीन हजार किंवा अधिक तंतू एकत्र घेऊन एक पट्टा करतात आणि ते पट्टे ताण्या-बाण्याने विणतात. अनेकदा वीणही आपल्या ओळखीची, ट्विलची. हे कापड रेझिनमध्ये भिजवलेले असते आणि त्यात काम करणारे त्याचे तुकडे कापून साच्यात हाताने थरावर थर लावतात. कुठला थर सरळ, कुठला तिरका, किती अंशात, हे ठरलेले असते. आडवा ताण कुठे आणि उभा कुठे, हे धाग्याच्या दिशेवरच अवलंबून असल्याने इथे अंदाज चालत नाही. मग सारे उष्णता आणि दाबाखाली पक्के करतात. दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड इथे अशी चाके बनवणारे नावाजलेले कारखाने आहेत. एवढे यंत्रयुग येऊनही जगातले सर्वांत महाग चाक अजून बरेचसे हातानेच भरले जाते, ही गोष्ट आपल्या विणकरांनी आणि शिंप्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे त्या हाताच्या कामाचे मोल पुरेपूर लावले जाते. आपल्याकडे हाताचे काम म्हटले की भाव आधी उतरतो.

मग सगळा भाव रास्तच का?

नाही. आम्ही चाकवाल्यांची वकिली करायला बसलेलो नाही. या किमतीत नावाचा हिस्सा आहे, विक्रेत्याचा नफा आहे आणि फॅशनची आच आहे. ज्या वर्षी तीस इंचाच्या चाकाची टूम निघते त्या वर्षी खर्च न वाढताही भाव वाढतो. त्याहून वाईट म्हणजे ओतीव चाकाला चकाकी देऊन घडीव म्हणून विकणारे. दिल्लीच्या करोल बागेपासून मुंबईच्या कुर्ल्यापर्यंत हौशी मालाचे मोठे बाजार आहेत. तिथे प्रामाणिक दुकानदार आहेत तसेच असेही आहेत. म्हणून घेणाऱ्याने विचारावे. चाक ओतीव की घडीव? धातू कोणता? किती वजनासाठी? कोणत्या मानकाप्रमाणे तपासले, आणि अहवाल कुठे आहे? मोडले तर जबाबदार कोण? ज्याच्याकडे या पाच प्रश्नांची उत्तरे आहेत त्याचा चढा भाव समजू शकतो. ज्याच्याकडे नाहीत त्याचा उतरलेला भावही महागच.

पण भाव चढा म्हणजे मालक मालामाल, हा समज खोटा आहे. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीला टीव्हीवरच्या कार्यक्रमांमुळे हौशी मोटरसायकलींची मोठी लाट आली. २००८ च्या मंदीनंतर ती ओसरली आणि एकेक गाडी पंचवीस-तीस हजार डॉलरला विकणारे नामांकित कारखानेही बंद पडले. ज्या धंद्याची तयारीच महाग असते त्याला दोन वर्षे ऑर्डर कमी आल्या तरी पुरे.

"आमचा उस्ताद करून देईल"

आता त्या दुसऱ्या उद्गाराकडे. आपले उस्ताद काय करू शकतात याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. वाकड्या चाकाचा आऊट काढताना स्पोक नुसत्या बोटाने वाजवून कोणता ढिला ते सांगणारे कान आपल्या गल्लीबोळांत आहेत. पण चाकाची नक्कल करणे ही वेगळी बाब आहे. वर टी-६ ची गोष्ट सांगितली ती इथे लागते. तडा गेलेल्या अलॉय चाकाला वेल्डिंग केले की उष्णतेने त्या जागचे "पाणी" उतरते. वरून पॉलिश मारले की चाक नव्यासारखे दिसते, आतून ते कमजोर झालेले असते. बाजारातला कोणता तरी ॲल्युमिनियमचा तुकडा लेथवर धरून केलेल्या चाकाचेही तेच. दिसण्यात फरक नसतो, खड्ड्यात पडतो तेव्हा कळतो.

कायदाही बघावा. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. म्हणून ज्या चाकाची परीक्षा घेण्याची सोय नाही ते चाक बनवू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. स्पोक भरणे, आऊट काढणे, बेअरिंग बदलणे, मूळ चाकांची साफसफाई आणि रंग, सीट आणि शिवणकाम, जुन्या गाड्यांची डागडुजी, ही सगळी इज्जतीची आणि चांगल्या कमाईची कामे आपल्या हातात आहेत. ती अशी करावी की भाव सांगताना मान खाली घालावी लागू नये.

आपल्या पावतीवर काय नसते?

आणि इथेच मूळ दुखणे आहे. आपला कारागीर एकच नग बनवतो आणि भाव मात्र लाख नगांच्या हिशेबाने लावतो. एक उदाहरण घेऊ. जुन्या मागाचे एक दातेरी चाक झिजले. कंपनी बंद झाली, सुटा भाग मिळत नाही. मागवाला वर्कशॉपमध्ये जातो. समजा धातूला तीनशे रुपये लागले. झिजलेल्या चाकाची मापे घेऊन मूळ मापे ठरवायला दीड तास गेला, यंत्रावर जोडणी करायला दोन तास आणि दाते पाडायला एक तास. यंत्र आणि माणूस मिळून तासाचा खर्च चारशे रुपये धरू. आपला कारागीर काय करतो? धातूचे तीनशे आणि दाते पाडण्याचे चारशे, मिळून सातशे सांगतो. गिऱ्हाईक सहाशे देते.

खरा हिशेब असा. साडेचार तासांचे अठराशे, धातूचे तीनशे, झाले एकवीसशे. दहा कामांत एक बिघडते असे धरले तर त्याचे दोनशे दहा. हत्यारांच्या झिजेचे शंभर. म्हणजे चोवीसशे दहा रुपये हा नुसता खर्च झाला, नफा अजून धरलेलाच नाही. सहाशेला काम देणाऱ्या कारागिराने आपल्या खिशातून अठराशे दहा रुपये त्या गिऱ्हाइकाला बक्षीस दिले. असे महिन्यातून दहा वेळा घडते आणि मग आपण विचारतो, इतके हुनर असून घरात बरकत का नाही? उस्तादाचा मुलगा उस्तादाच्या यंत्रावर बसायला का तयार नाही?

हीच गोष्ट एका लग्नाच्या जोड्यावर महिनाभर बसणाऱ्या जरदोजीवाल्याची, एका दाराची खास नक्षी कोरणाऱ्या सुताराची, एकाच शालीसाठी कार्डे पंच करून घेणाऱ्या हिमरूच्या विणकराची. सगळे हाताचे तास मोजतात. तयारी, वाया गेलेला माल आणि जबाबदारी कोणी मोजत नाही.

आमच्या व्यापारी बंधूंनाही दोन शब्द. कारागिराचा भाव पाडून आणलेला खास माल आपण पेठेत "खास" म्हणून चढ्या दराने विकतो. मग त्याच्या तयारीचे पैसे देताना हात का आखडावा? नमुना बनवून घ्यायचा, पसंत नाही म्हणून परत करायचा आणि त्याचा एक पैसा द्यायचा नाही, ही रीत बाजारात मुरलेली आहे. ती सोडावी. नमुन्याचे पैसे वेगळे द्यावेत आणि पुढे मोठी ऑर्डर दिली तर ते त्यातून वजा करून घ्यावेत. दोघांचेही भले आहे.

कारागीर बंधूंनी एवढे करावे. एकाच नगाचे काम आले की भाव तोंडी आणि लगेच सांगू नये. कागद घेऊन पाच ओळी लिहाव्यात: तयारी, माल, कामाचे तास, नासधूस, जबाबदारी. त्याखाली नफा. अर्धे पैसे आगाऊ घ्यावेत. हा कागद गिऱ्हाइकापुढे ठेवण्यात संकोच नसावा. गिऱ्हाईक घासाघीस करीलच, तो त्याचा हक्क आहे. पण मग त्याला कोणती ओळ कमी करायची ते बोट ठेवून सांगावे लागेल. आकार साधा केला तर तयारी कमी होईल, दोनाऐवजी दहा नग घेतले तर प्रत्येक नग स्वस्त पडेल, हे तेव्हा त्याला समजावता येईल. काही गिऱ्हाइके निघून जातील. ज्या कामात अठराशे रुपये घरचे घालावे लागतात ते काम गेले तर रडू नये.

अमेरिकेतला चाकवाला आपल्याहून अधिक हुशार आहे असे आम्ही मानत नाही. त्याने आपल्या खर्चाची प्रत्येक ओळ लिहिली आहे, आपण ती लिहिलेली नाही. येत्या हप्त्यात एकाच नगाचे जे पहिले काम येईल, त्याच्या पावतीवर "तयारीचे" म्हणून एक वेगळी ओळ घालून पाहावी, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.